म्हस्कूला कालव्यानं न्यायचो तवा

माझा धाकला भाऊ म्हस्कू लॉरी चालवायचा आन् माणसं बडवायचा. दोन्ही कामं त्याला सारखीच चांगली यायची. लढाईच्या वक्ताला पलटणीत डायवर हुता, ब्रह्मदेशात लॉऱ्या हाकल्या. तितनं परत आला तवा बारामतीच्या एका शेठजीनं त्याला माल वाहायच्या लॉरीवर ठेवला. मागं उघडी लॉरी, पुढं लांब नाकाड, आन् हँडल मारल्याबिगर सुरू व्हायची न्हाय. ते हँडल लोखंडाचं, दोन हात लांब, सीटखाली पडल्यालं असायचं. गाडी सुरू करायला सकाळी एकदा लागायचं, आन् बाकी दिसभर माणसांना दाखवायला.

तुमाला वाटंल बहीण हाय, वाढवून सांगती. अवो, कमीच सांगतीय. एकदा दाढी करायला बसला, न्हावी कायतरी बोलला, तर अर्ध्या दाढीचा उठून त्याला बडवला आन् तसाच अर्ध्या दाढीनं घरला आला. भिगवणात हाटेलवाल्यानं कान तुटल्याल्या कपात च्या दिला, तर तो कप त्याच्या कपाळावर फोडला. आन् सडकंवरचं तर बोलायलाच नगं. बारामती ते इंदापूर तीसेक मैल सडक, गळिताच्या दिसांत सगळी उसाच्या बैलगाड्यांनी भरल्याली. गाडीवान वर झोपल्याला, बैल आपले मधनं चालल्याले. म्हस्कू दोनदा हारन वाजवायचा. तिसऱ्यांदा हँडल घेऊन खाली उतरायचा.

मी बी काय गरीब गाय नव्हे. माझं नाव बनाबाई. नवरा लौकर गेला, जळोचीत अडीच एकर बागाईत हुतं, त्यात मेथी, कोथमीर, वांगी मी सोता पिकवली आन् सोता इकली. बाजारात एकानं माझ्या पदराला हात घातला हुता, त्याच्या तोंडावर तागडीचं पारडं असं हाणलं की दोन दात माझ्या पाटीत पडले. तवा म्हस्कूचा राग मला परका नव्हता. आमच्या बापाचाच तो. बाप आईला मारायचा, म्हस्कूला मारायचा, बैलाला मारायचा. मला मारत नव्हता, कारण मी उलटी चावायची.

बावन सालचं गळीत संपता संपता म्हस्कूनं लासुर्ण्याजवळ एका गाडीवानाचा हात मोडला. मोडला म्हंजी दोन जागी मोडला, हाड बाहीतनं बाहेर आलं. ते मी डोळ्यांनी बघितलं, मी लॉरीतच हुते. माणूस खाली पडून वरडत हुता आन् ह्याचं आपलं हाणणं चालूच. मी मागनं जाऊन ह्याच्या कमरंला मिठी घातली तवा कुठं थांबला. खटला झाला. दिवाळीच्या तोंडावर साहेबानं मुचलका लिहून घेतला: एक वरीस कुणाच्या अंगाला हात लावायचा न्हाय. लावला तर सहा महिने आत, आन् लायसन कायमचं गेलं. घरात कौसल्या, त्याची बायको, दोन बारक्या पोरी. लॉरी गेली असती तर त्यांनी खायचं काय, माती?

पर म्हस्कूला कागदाचं भ्या नव्हतं. म्हणायचा, "लिहून दिलं म्हणून काय माझा राग साहेबाच्या कपाटात बसतोय व्हय?" मला झोप लागंना.

भाऊबीजंला आला. पाटावर बसवला, ओवाळला. त्यानं पिशवीतनं हिरवं लुगडं काढलं. मी म्हणलं, "ते ठेव कौसल्याला. मला ओवाळणी दुसरी पायजे."

"काय पायजे आक्का? सोनं बिनं मागशील तर न्हाय बग माझ्याकडं."

"तुझे दोन्ही हात दे. एक वरीस. कुणावर उचलायचे न्हाईत. कुणी थुंकलं तरी न्हाय."

पयलं हसला. मी हसले न्हाय, मंग तो बी हसायचा थांबला. मंग दोन्ही हात ताटावर धरले आन् म्हणला, "घे." मी म्हणलं, "घेतले." साहेबाचा कागद त्यानं कवाच मोडला असता. भाऊबीजंला ताटात टाकल्यालं कुणी माघारी घेत न्हाय, हे त्याला बी ठावं हुतं आन् मला बी.

आता इंदापूरचा बाजार ऐतवारचा. जळोचीच्या आमी अकरा बायका पाट्या घेऊन म्हस्कूच्या लॉरीत बसायचो, मी पुढं त्याच्या शेजारी. दिवाळीनंतरच्या पयल्या ऐतवारी सडकंनं गेलो. वाटंत उसाच्या चाळीस तरी गाड्या. म्हस्कूनं चाक असं आवळलं हुतं की बोटं पांढरी पडली. एक गाडीवान मुद्दाम आडवा झाला, वर दात काढून हसला बी. म्हस्कू उतरला न्हाय. इंदापुरात पोचलो तवा त्यानं खालचा ओठ चावून रक्त काढल्यालं, हनवटीपतूर आल्यालं.

धोंडाबाईनं ते बघितलं. ती आमच्यातली म्हातारी, तोंडानं फटकळ. म्हणली, "बने, ह्याला सडकंनं नेलास तर संक्रांत बी बघायचा न्हाय. कालव्यानं नेऊ."

कालव्यानं म्हंजी नीरेच्या डाव्या कालव्याच्या भरावावरनं. पाण्याकडंनं लॉरी जाईल एवढीच वाट, ती बी सायबांच्या जीपगाडीसाठी. बैलगाड्यांना बंदी, म्हणून अडसर लावल्याला. लांबची वाट. कालवा डोंगराचं अंग धरून वळणं घेत जातो, त्याच्या संगं आपुन बी वळायचं, दीड तास जादा मोडायचा. पर गाड्या न्हाईत, माणूस न्हाय, भांडायला कुणी न्हाय! बाकीचे दिस शेठजीचा माल भिगवणाकडं जायचा, तिकडं उसाच्या गाड्या नव्हत्या.

अडसर सोपानच्या ताब्यात. सोपान कालव्यावरचा पाटकरी, म्हंजी कुणाच्या रानाला कवा पाणी सोडायचं आन् कवा दार बंद करायचं ते बघणारा. बारीक अंगाचा, खाकी सदरा, आवाज एवढा हळू की दोनदा इचारायला लागायचं. कुत्र्याला हाड म्हणताना बी लाजायचा. मी त्याला सगळं खरं सांगितलं. भाऊ असा हाय, मुचलका असा हाय, सडकंनं नेला तर तुरुंगात जातोय. त्याला द्यायला मेथीच्या दोन जुड्या काढल्या, तर हात मागं घेतला.

"जुडी नगं, आक्का. गाडी हळू हाकायला सांगा, भराव मऊ हाय. आन् ऐतवारीच या, तवा सायेब नसतात."

मंग काय सांगू तुमाला, काय वाट ती! दोन्ही अंगाला कडुनिंब आन् जांभळी, वरनं फांद्या एकमेकींत गेल्याल्या. एका बाजूला पाणी संथ, त्यावर निळा खंड्या सूर मारायचा. दुसऱ्या बाजूला खाली हिरवागार ऊस, लांब शेवटाला उघडं माळरान. सडकंवर घाम आन् धूळ, हितं वारं गार लागायचं. मागच्या बायका गाणी म्हणायच्या. आन् म्हस्कू! त्याच्या मानंवर एक शीर हुती, राग आला की फुगायची. त्या वाटंला लागला की ती शीर खाली बसायची. मी डोळ्यांनी बघायची. पाय हलका ठेवायचा, मधीच गाडी थांबवून तोंड धुवायचा, मला म्हणायचा, "आक्का, ब्रह्मदेशात असंच पाणी हुतं, पर तितं बघायला सवड न्हाई मिळाली." एवढं गोड बोलणं त्याच्या तोंडातनं मी लहानपणी बी ऐकलं नव्हतं.

अडसराशी सोपान उभा असायचा. म्हस्कू उतरून त्याच्याजवळ बिडी वढत बसायचा. ज्यानं अख्ख्या तालुक्याला हाणलं तो ह्या काटकुळ्या माणसापुढं मांडी घालून बसायचा आन् सोपान त्याला इचारायचा, "म्हस्कूराव, समुद्र कालव्यापरीस किती रुंद असतो?" म्हस्कू हसून हसून मरायचा. मी म्हणायची, चला रे, माझी भाजी सुकली.

असं दिवाळीपासनं चैत्रापतूर चाललं. बाजारात समद्यांना कळलं हुतं. म्हस्कूला चिडवायचे, "काय डायवर, हात घरला इसरून आलाय वाटतं?" एका हमालानं मुद्दाम त्याच्या पायावर पोतं टाकलं. नख निघालं, रक्त आलं. म्हस्कूनं पाय झटकला आन् लंगडत निघून आला. वाटलं, बनाबाई, जिंकलीस गं.

चैत्रात पाणी कमी पडलं. पाण्याच्या पाळ्या लांबल्या, ऊस वाळाय लागला, आन् माणसं पिसाळली. अंथुर्ण्याच्या पलीकडं झुंबर नावाचा एकजण हुता, वीस एकर उसाचा धनी. पाळी नसताना त्यानं दार उचलून दोन दिस पाणी ओढलं. सोपाननं ते दार पाडून कुलूप घातलं. झुंबरनं त्याला दम दिला. सोपान म्हणला, "खालच्या लोकांची पाळी हाय. माझ्या हातात न्हाय." ही भानगड आमच्या कानावर आल्याली. म्हस्कू म्हणला बी, "सोपान, जपून ऱ्हा." तर तो म्हणला, "मला कोण मारतंय, म्हस्कूराव? मारण्याजोगं अंगावर हाय काय?"

त्या ऐतवारी अडसर उघडाच हुता आन् सोपान जागेवर नव्हता. आमाला वाटलं, पुढं गेला आसंल दारं बघायला. अर्धा मैल गेलो आसू. वळण घेतलं आन् समोर बघितलं.

झुंबर आन् त्याचे दोघं चुलतभाऊ. सोपान वाटंत पालथा पडल्याला. एकजण त्याच्या पाठीवर पाय देऊन उभा, दुसरा कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हंजी बोथट बाजूनं, त्याच्या पायांवर हाणत हुता. हाड वाजल्याचं इंजनाच्या आवाजात बी ऐकू आलं. झुंबर काय करत नव्हता, नुसता वाकून इचारत हुता, "चावी कुठं हाय? चावी कुठं हाय?" आन् सोपानचं तोंड मातीत.

म्हस्कूनं गचकन ब्रेक मारला. मागं पाट्या कलंडल्या, बायका वरडल्या. त्याचा हात सीटखाली गेला, हँडल निम्मं बाहेर आलं. मानंवरची शीर टम्म फुगली. आन् मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"आक्का, सोड."

"उतरायचं न्हाय. ओवाळणी दिलीयस मला."

"मारून टाकतील त्याला!"

"न्हाय मारत! बडवून सोडतील. तू न्हाय का शंभर जणांना बडवून सोडलंस? मेला का त्यातला एक तरी?"

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं बोलले. आन् मला ते खरं वाटत हुतं, देवाशपथ. आमच्या घरात मार म्हंजी काय हे मला ठावं हुतं. मार खाल्ल्याला माणूस रातभर कण्हतो आन् सकाळी उठून बैलं सोडतो. त्याच्या पल्याडचा मार मी बघितलाच नव्हता.

झुंबरनं आमाला वळखलं. सरळ उभा राहिला आन् वरडला, "म्हस्कू, तुझा मुचलका फौजदाराकडं हाय! खाली उतरलास तर त्याच्या मारात तुझंबी नाव लावीन. गप गाडी हाक!" मागनं बायका "चल रे बाबा, चल" करून किंचाळत हुत्या. धोंडाबाई टपावर हात आपटत हुती. मी म्हणलं, "इंदापूर गाठू. फौजदाराला सांगू. सरकार काय ते बघंल. कौसल्या सहा महिन्यांची गरवार हाय, म्हस्कू! हाक गाडी!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला आजपतूर कुणाला सांगता आलं न्हाय. हँडल सोडलं. गियर टाकला.

वाट एवढी अरुंद की सोपान मधी असताना लॉरी जाईना. तवा त्या दोघांनी त्याला पाय धरून वढत कडंला घेतलं. आमाला वाट करून दिली! लॉरी त्याच्या अंगावरनं हातभर लांबनं गेली. त्यानं मान फिरवली. एक डोळा रक्तानं मिटल्याला, एक उघडा. म्हणला, "म्हस्कूराव." नेहमीसारखंच, हळू.

म्हस्कूनं मंग लॉरी अशी पळवली की भरावाची माती खाली कोसळत हुती. इंदापुरात चौकीपुढं उभी केली, पळत आत गेला. शिपाई लगोलग निघाले. म्हस्कू त्यांच्या संगं गेला. आन् मी? मी बाजारात बसले. बसायलाच पायजे हुतं, भाजी सुकत हुती. उन्हाळ्याच्या दिसांत मेथी कुणाकडं नव्हती. बारा वाजायच्या आत माझी पाटी मोकळी झाली आन् मी खूश हुते. भाऊ तुरुंगात गेला न्हाय, मेथी खपली, सोपानला दवाखान्यात नेतील, पाय बांधतील. असा हिशोब मी केला.

सोपान खालच्या दारापाशी घावला. पाण्यात टाकल्याला, दाराच्या गजांना अडकून उभाच्या उभा. डोकं मागनं फुटल्यालं. डाक्तर म्हणला, पाण्यात पडला तवा जिवंत हुता. म्हस्कूनंच त्याला बाहेर काढला, शिपायांना हात लावू दिला न्हाय.

तिघांना धरलं. म्हस्कूनं साक्ष दिली, आमी बायकांनी बी दिली, तिघं जन्मठेपेवर गेले. लोक म्हणले, न्याय झाला.

पर निकालाच्या आधी, तेराव्यानंतर, सोपानची बायको रंगूबाई जळोचीत आली. चालत आली, एकली. मी म्हस्कूच्या घरी हुते, कौसल्याच्या डोक्याला तेल लावत. म्हस्कू अंगणात चाकाला ठिगळ लावत बसल्याला. बाई दारात उभी राहिली. कपाळ मोकळं, डोळे कोरडे.

"म्हस्कू डायवर कोण?"

तो उठला.

"माझ्या माणसानं तुमाला हाक मारली व्हती का?"

मी पुढं झाले, म्हणलं, "बाई, आत या, पाणी घ्या." तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाय.

म्हस्कू म्हणला, "व्हय. मारली."

"काय म्हणला?"

"माझं नाव घेतलं."

तिनं हाणायला सुरवात केली. पयलं हातानं, तोंडावर, छातीवर. मंग अंगणात टायर काढायची लोखंडी पट्टी पडली हुती, ती उचलली. खांद्यावर मारली, दंडावर मारली, कानशिलावर मारली. रक्त सदऱ्यावर आलं. कौसल्या पोट धरून किंचाळली, पोरी आत पळाल्या, शेजारी कुंपणापाशी गोळा झाले. आन् म्हस्कू, माझा भाऊ, ज्यानं कपाचा कान तुटला म्हणून माणसाचं कपाळ फोडलं, तो दोन्ही हात खाली सोडून उभा. तोंड सुदीक झाकलं न्हाय. पट्टी आली की डोळे मिटायचा, गेली की उघडायचा.

मला राहवंना. मी मधी पडले, वरडले, "त्याला काय मारतीस! तो उतरत हुता! मी धरला त्याचा हात! मी म्हणलं हाक गाडी! मार, मला मार!"

रंगूबाई थांबली. धापा टाकत हुती. माझ्याकडं बघितलं, पयल्यांदाच. मी डोळे मिटून उभी राहिले, वाट बघत. पट्टी खाली पडल्याचा आवाज आला.

"तुला भाऊ हाय न्हवं?" म्हणली. "ठेव जपून."

आन् गेली.

म्हस्कूनं त्यानंतर तीस वर्षं गाडी हाकली, कालव्याकडं फिरकला न्हाय. सडकंनंच जायचा. बैलगाडी दिसली की लॉरी कडंला घेऊन उभी करायचा, गाडीवान जाईस्तवर खाली बघत बसायचा. जन्मात परत कुणावर हात उचलला न्हाय. माझ्याशी बोलायचा, पर आक्का म्हणायचा न्हाय, बनाबाई म्हणायचा. वारला तवा जळोचीची माणसं मातीवरनं परत येताना माझ्या दारात थांबली. म्हणली, बनाबाय, केवढा तापट भाऊ तुझा, पर काय वळण लावलंस त्याला! आजबी कुणी तसं म्हणलं की माझ्या हाताला खाज सुटती. वाटतं, बोलणाऱ्याचं थोबाड फोडावं. पर ते बिचारे चांगलंच बोलत असतात, म्हणून मी मान हलवते आन् त्यांना च्या टाकते.